बाकावरचा गडी

सामना पाहावयास गेलेल्या मनुष्याची नजर मैदानांत खेळणाऱ्यांवर असते. कडेला बाकावर बसलेल्यांकडे तो सहसा पाहत नाहीं. क्रिकेटमधील बाराव्या गड्याचा मान श्रोत्यांना ठाऊकच आहे. अलीकडचे कांहीं अपवाद सोडले, तर त्यानें झेल घ्यावा, चेंडू अडवावा, तहानलेल्यांना पाणी नेऊन द्यावें, परंतु बॅटीला हात लावूं नये! अमेरिकेंतील कॉलेजांचा फुटबॉल हा मात्र असा खेळ आहे कीं, त्याचा दीडशें वर्षांचा इतिहास पुष्कळ अंशीं बाकावरच्या माणसाचाच इतिहास आहे. त्याला खेळावयास केव्हां उतरवावें, असे किती जण पदरीं बाळगावे, त्यांच्या जेवणाचा व शिक्षणाचा खर्च कोणीं सोसावा, आणि कंटाळून तो दुसऱ्या कॉलेजांत जाऊं लागला तर त्याला अडवावें कीं जाऊं द्यावें, ह्या प्रश्नांवर तेथें नियम झाले, मोडले, पुन्हां झाले, आणि शेवटीं हें प्रकरण न्यायाधीशांच्या पुढें गेलें.

फुटबॉल हें नांव ऐकून मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहिलेल्यांच्या डोळ्यांपुढें गोल चेंडू व अनवाणी अथवा बूट घातलेले पाय येतील. अमेरिकन फुटबॉल तो नव्हे. त्यांतील चेंडू लांबट व दोन्हीं टोकांस निमुळता असतो, तो हातांत धरून पळतात, फेंकतात, आणि पळणाऱ्याला अंगावर झेंप घालून खालीं पाडतात. एका बाजूला अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्न कांहीं क्षणांत संपतो आणि मग खेळ थांबतो. ह्या थांबण्यांतच सगळ्या पुढील भानगडीचें मूळ आहे. गोल चेंडूचा खेळ अखंड वाहता असतो, त्यांत माणसें बदलण्यास फुरसत नसते. येथें दर प्रयत्नानंतर फुरसत असते. म्हणून नियमानें मोकळीक दिली तर एका संघाचे अकरा नव्हे, शंभर गडी एका दुपारीं कामीं लावतां येतात. नियम मात्र पहिलीं सत्तर वर्षें तशी मोकळीक देत नव्हता.

पहिला आंतर-कॉलेज सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी प्रांतांत रटगर्स व प्रिन्स्टन ह्या दोन कॉलेजांत झाला. त्या दिवशीं प्रत्येक बाजूला पंचवीस गडी होते, व रटगर्सनें ६–४ असा विजय मिळविला. पुढें येल कॉलेजच्या वॉल्टर कँप ह्यांच्या आग्रहानें १८८० सालीं ही संख्या अकरावर आली. ह्या अकरांनीं चेंडू आपल्याकडे असतांना चाल करावयाची आणि तो गेला कीं त्याच पावलीं बचावाला उभें राहावयाचें. जखमी होऊन पडल्याखेरीज मैदान सोडणें हें कमीपणाचें मानलें जाई. ह्या मर्दपणाची किंमत थोडी नव्हती. १९०५ च्या एका हंगामांत वर्तमानपत्रांनीं अठरा-एकोणीस मृत्यूंची मोजदाद केली, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून कानउघाडणी केली. त्या गडबडींतूनच १९०६ सालीं एक देशव्यापी संस्था निघाली. १९१० पासून तिचें नांव नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन असें आहे. पुढील हकीकतींत ‘राष्ट्रीय संस्था’ म्हणून जी वारंवार येईल ती हीच.

त्या आरंभीच्या काळांत गड्याला आपल्या कॉलेजांत टिकवून ठेवण्याचा प्रश्न अगदीं उलट्या स्वरूपांत होता. कोणाचें कोणावर बंधनच नव्हतें. फील्डिंग योस्ट ह्या गृहस्थाची १८९६ मधील गोष्ट प्रसिद्ध आहे. हे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे धिप्पाड गडी. पेनसिल्व्हेनियांतील लाफाएट कॉलेजाशीं त्यांच्या संघाचे सामने झाले; प्रतिपक्षाच्या कोचला हा गडी आवडला; आणि लाफाएटची बलाढ्य पेन विद्यापीठाशीं गांठ पडावयाच्या सुमारास योस्ट हे एकाएकीं लाफाएटचे ‘विद्यार्थी’ झाले! लाफाएटनें ६–४ असा सामना जिंकून पेनची दीर्घ विजयमालिका तोडली, आणि काम उरकल्यावर योस्ट वेस्ट व्हर्जिनियास परत गेले. हेच योस्ट पुढें मिशिगन विद्यापीठाचे कीर्तिमान् कोच झाले. असल्या फिरस्त्या गड्यांना आळा घालण्यासाठीं मध्यपश्चिमेकडील मोठ्या विद्यापीठांच्या संघानें १९०६ सालीं नियम केला कीं, विद्यार्थ्यानें एक वर्ष कॉलेजांत काढल्याशिवाय त्याला खेळतां येणार नाहीं, आणि खेळावयाचें तें तीनच वर्षें. कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर बाकावर बसविणारा जो दंडक पुढें शंभर वर्षें टिकला, त्याचें बीज येथें आहे. हेतु शुद्ध होता, हें कबूल केलें पाहिजे. पण एकदां कुंपण घातलें म्हणजे तें चोराला बाहेर ठेवतें तसेंच घरच्याला आंतही ठेवतें.

१९४१ सालीं नियमसमितीनें बदली गडी केव्हांही आणण्याची मुभा दिली. महायुद्धाच्या भरतीमुळें माणसांचा तुटवडा पडत असल्यानें ती सोयीचीही ठरली. तेव्हां ह्या मुभेचा पुढें काय उपयोग होईल हें फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. युद्धानें तर संघांची सारी घडीच विस्कटून टाकली होती. सरकारी आज्ञेनें विद्यार्थी ह्या कॉलेजांतून त्या कॉलेजांत हलविले जात. विस्कॉन्सिनचा लाडका गडी एल्रॉय हर्श हा १९४२ सालीं विस्कॉन्सिनसाठीं खेळला, आणि आरमारी शिक्षणाच्या योजनेखालीं मिशिगनला धाडला गेल्यामुळें १९४३ सालीं प्रतिस्पर्धी मिशिगनचा वेष चढवून खेळला. उत्तर कॅरोलायनांत शिकूं लागलेला डॉक ब्लँचर्ड हा सैन्यांत शिरून वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत आला, आणि १९४४ ते १९४६ पर्यंत त्या विद्यालयाचा संघ एकही सामना हरला नाहीं.

त्या अजिंक्य संघाशीं १३ ऑक्टोबर १९४५ रोजीं न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियमवर मिशिगनला दोन हात करावयाचे होते. मिशिगनचे गडी बहुतेक नवखे पोरगे. कोच फ्रिट्झ क्रिस्लर ह्यांनीं विचार केला कीं, हीं पोरें दोन्ही कामें करून थकून जातील. त्यापेक्षां चाल करणारे निराळे व बचाव करणारे निराळे असे दोन संघच कां करूं नयेत? सामना मिशिगननें २८–७ असा गमावला. पण युक्ति सगळ्यांनीं पाहिली. वेस्ट पॉइंटचे कोच अर्ल ब्लेक ह्यांनीं तीच उचलली, आणि तिला ‘प्लॅटून’ म्हणजे पलटण हें लष्करी नांव दिलें असें मानतात. क्रिस्लर ह्यांच्या मिशिगननें १९४७ चा हंगाम अपराजित राहून काढला व १ जानेवारी १९४८ रोजीं रोज बोल सामन्यांत दक्षिण कॅलिफोर्नियाला ४९–० असें धुऊन काढलें. दुर्बळाची तोड म्हणून निघालेली कल्पना अशा रीतीनें दोन-तीन वर्षांतच सबळांचें हत्यार बनली. युद्धांतून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चानें शिक्षण मिळत असल्यामुळें मोठ्या विद्यापीठांत माणसांची रेलचेल होती; त्यांना दोन काय, तीन पलटणी उभ्या करतां येत. लहान कॉलेजांना एकच पुरती उभी करतां येईना. कित्येकांनीं खेळच बंद केला.

म्हणून १९५३ च्या आरंभीं नियम फिरला. एकदां बाहेर काढलेला गडी त्याच भागांत पुन्हां आंत आणतां येईना. अखेरच्या कांहीं मिनिटांपुरती सवलत राहिली. पुन्हां अकरा माणसांनीं दोन्ही बाजू सांभाळावयाच्या! ह्या एका नियमानें बाकावरच्या माणसाची किंमत किती बदलली हें दोन उदाहरणांवरून दिसतें. १९५१ च्या ऑगस्टमध्यें वेस्ट पॉइंट येथें परीक्षेंतील लबाडीबद्दल ९० छात्रांची हकालपट्टी झाली. त्यांत फुटबॉल संघाचा बहुतेक सारा गाभा होता, आणि कोच ब्लेक ह्यांचा स्वतःचा मुलगाही होता. त्या वर्षीं संघानें दोन सामने जिंकले व सात गमावले. परंतु पलटणींची पद्धति जातांच, १९५३ सालीं, त्याच पातळ झालेल्या संघानें सात जिंकले व एकच गमावला. ब्लेक ह्यांच्या शिकवणुकीला श्रेय द्यावयाचें तें द्यावें. पण थोड्या माणसांनिशीं उभें राहतां येण्याजोगा नियम आल्यानें त्यांचें काम सुकर झालें यांत संशय नाहीं.

दुसरें उदाहरण अधिक कठोर आहे. १९५४ सालीं बेअर ब्रायंट हे टेक्सास ए अँड एम कॉलेजाचे कोच झाले. त्यांनीं आपला सारा संघ जंक्शन नांवाच्या दूरच्या, दुष्काळानें करपलेल्या गांवीं नेऊन दहा दिवस अशी तालीम घेतली कीं, मुलें रात्रीं गुपचूप बिछाने गुंडाळून घरीं पळूं लागलीं. उन्हांत तालमीच्या वेळीं पाणीसुद्धां मिळत नसे. जातांना दोन बसगाड्या भरल्या, येतांना एक पुरली, असें त्या प्रसंगाचें वर्णन करतात. ह्या प्रकाराला आज कोणी शौर्य म्हणतील, कोणी क्रूरपणा. उष्माघातानें कोणी दगावला नाहीं हें नशीब म्हणावयाचें. त्या वर्षीं ते एकच सामना जिंकले. मात्र १९५६ सालीं त्याच कॉलेजानें अपराजित राहून आपल्या विभागाचें अजिंक्यपद मिळविलें. ब्रायंट ह्यांना एवढी माणसें गमावणें परवडलें, कारण तेव्हांच्या नियमाप्रमाणें तीस-पस्तीस कणखर गडी पुरत होते. दहा वर्षें आधीं किंवा दहा वर्षें नंतर त्यांना ती चैन करतां आली नसती, आणि हे ब्रायंट पुढें अलाबामांत गेल्यावर कधीं थोड्या माणसांवर भागवीत बसले नाहींत!

नियम हळूहळू सैल होत गेला. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पॉल डिएट्झेल ह्यांनीं १९५८ सालीं आपल्या गड्यांचे तीन संघ पाडले. उत्तमांचा संघ दोन्ही कामें करी. दुसरा मुख्यतः चाल करी. आणि तिसऱ्या, सर्वांत कच्च्या गड्यांच्या बचावसंघाला एका चित्रमालिकेवरून ‘चायनीज बँडिट्स’ असें गमतीचें नांव दिलें. गंमत अशी कीं, लोकांचें प्रेम ह्या तिसऱ्या संघावरच जडलें. हा तिसरा संघ मैदानांत उतरला कीं प्रेक्षक उठून उभे राहत. लुइझियाना स्टेट त्या वर्षीं राष्ट्रांत पहिली आली. १९६४–६५ पर्यंत बदलीवरचीं बंधनें बहुतेक नाहींशीं झालीं, आणि पलटणी कायमच्या परतल्या.

ह्याच सुमारास बाकावरच्या माणसाच्या खिशाचा प्रश्न निकालांत निघाला होता. खेळाडूंना चोरून पैसे देण्याचे प्रकार कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९ च्या अहवालानें चव्हाट्यावर मांडले होते. १९५६ सालीं राष्ट्रीय संस्थेनें खेळासाठीं शिष्यवृत्ति उघडपणें मान्य केली: शिक्षण, पुस्तकें, राहणें, जेवण. त्याबरोबर ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दही सर्वत्र वापरण्याचा दंडक पडला. संस्थेचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स ह्यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत सांगितलें कीं, खेळाडूंना कॉलेजचे नोकर ठरवून नुकसानभरपाई मागितली जाईल ह्या भयानें तो शब्द घडविला होता. ती भीति पोकळ नव्हती. कोलोराडोंतील एका लहान कॉलेजाचा गडी १९५५ सालीं सामन्यांत डोक्याला मार लागून मेला, आणि त्याच्या विधवेनें कामगार-भरपाईचा अर्ज केला. १९५७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. कॉलेजचा धंदा फुटबॉल हा नव्हे, असा निकालाचा आशय होता.

मोकळी बदली आणि उघड शिष्यवृत्ति ह्या दोन गोष्टी एकत्र येतांच श्रीमंत विद्यापीठें गडी सांठवूं लागलीं. एखादा मुलगा आपल्या कामास आला नाहीं तरी चालेल, पण तो शेजाऱ्याच्या संघांत नको, एवढ्यासाठींच त्याला शिष्यवृत्ति दिली जाते असा आरोप होई. पिट्सबर्गचे नवे कोच जॉनी मेजर्स ह्यांनीं १९७३ सालीं एका वर्षांत सत्तरांहून अधिक नवे गडी भरती केले. आदल्या वर्षीं अकरांपैकीं दहा सामने हरलेला हा संघ १९७६ सालीं राष्ट्राचा विजेता ठरला. त्या भरतींतील टोनी डॉर्सेट हें नांव सर्वांना ठाऊक आहे. उरलेल्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणालाच ठाऊक नाहींत. त्याच १९७३ सालीं राष्ट्रीय संस्थेनें प्रथमच मर्यादा घातली: एका संघांत १०५ शिष्यवृत्त्या, व वर्षाला ३० नव्या. १९७८ सालीं ही संख्या ९५ झाली, आणि १९९२ पासून टप्प्याटप्प्यानें उतरत १९९४ सालीं ८५ वर येऊन थांबली.

पण १९७३ च्याच नियमांत आणखी एक कलम होतें, आणि त्याची चर्चा मानानें कमी झाली. शिष्यवृत्ति आतां चार वर्षांची न राहतां एकेका वर्षाची झाली. कोचला नको असलेल्या गड्याची ती पुढील वर्षीं बंद होऊं शके. गड्याला मात्र कॉलेज नको झालें तर दुसरीकडे गेल्यावर एक वर्ष खेळल्यावांचून काढणें भाग होतें. एका बाजूस बंधन एका वर्षाचें, दुसऱ्या बाजूस चारांचें. असा करार दुकानदारानें गिऱ्हाइकाशीं केला असता तर लोकांनीं त्याला काय म्हटलें असतें? अनेक वर्षांची शिष्यवृत्ति देण्याची मुभा पुन्हां मिळण्यास २०१२ साल उजाडावें लागलें.

संघांतील माणसांचा प्रश्न किती जिवाचा असूं शकतो हें मात्र नियमांच्या पुस्तकावरून कळत नाहीं. त्यासाठीं वेस्ट व्हर्जिनियांतील हंटिंग्टन ह्या गांवीं गेलें पाहिजे. १४ नोव्हेंबर १९७० च्या रात्रीं मार्शल विद्यापीठाचा संघ सामन्याहून परततांना विमान कोसळलें. विमानांतील पंचाहत्तरच्या पंचाहत्तर मृत्यु पावलीं. त्यांत ३७ गडी, कोच, आणि गांवांतील डॉक्टर व प्रतिष्ठित नागरिक होते. मागें उरले ते दुखापतीमुळें किंवा अन्य कारणानें प्रवासाला न गेलेले थोडे गडी, आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघांत खेळण्याची तेव्हां परवानगी नव्हती. राष्ट्रीय संस्थेनें मार्शलपुरता अपवाद केला. नवे कोच जॅक लेंगेल ह्यांनीं हीं मुलें, बास्केटबॉलसारख्या दुसऱ्या खेळांतून आलेलीं मुलें, आणि कधींच मोठा सामना न खेळलेलीं मुलें एकत्र केलीं, आणि त्यांना पेलेल अशी सोपी चाल शिकविली. २५ सप्टेंबर १९७१ रोजीं ह्या संघानें अगदीं अखेरच्या क्षणीं चेंडू फेंकून झेव्हियर विद्यापीठाला १५–१३ असें हरविलें. त्या वर्षीं ते दोनच सामने जिंकले. हंटिंग्टनमध्यें त्या दोन सामन्यांचीच आठवण काढतात. पुढील वर्षीं, १९७२ सालीं, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खेळण्याची मुभा सर्वांनाच मिळाली.

८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. पण बिनपगारी माणसांना मर्यादा नव्हती. स्वतःचा खर्च स्वतः करून संघांत राहणाऱ्या गड्याला ‘वॉक-ऑन’ म्हणतात. नेब्रास्का विद्यापीठांत टॉम ऑस्बोर्न हे १९७३ पासून १९९७ पर्यंत कोच होते. त्यांनीं प्रांतांतील शेतकऱ्यांचीं मुलें अशा रीतीनें मोठ्या संख्येनें जमविलीं, आणि त्यांपैकीं कित्येक वर्षें तालीम करून अखेर मुख्य संघांत चढलीं. ‘लाल सदरा’ हा शब्दही ह्याच विद्यापीठाशीं जोडलेला आहे: १९३७ च्या सुमारास एका गड्यानें यंदा सामने न खेळतां केवळ तालीम करूं द्या अशी विनंति केली व तो लाल सदरा घालून तालमीला येई, असें सांगतात. त्यावरून वर्षभर राखून ठेवलेल्या गड्याला तें नांव पडलें. नोत्र दाम विद्यापीठाचा डॅनियल रूटिगर हा बुटका मुलगा तर दोन वर्षें केवळ दुसऱ्यांच्या तालमीसाठीं मार खात राहिला, आणि ८ नोव्हेंबर १९७५ रोजीं शेवटच्या कांहीं क्षणांसाठीं मैदानांत उतरला. त्याच्यावर १९९३ सालीं चित्रपट निघाला. असे उतरूं न शकलेले हजारों असतील. त्यांच्यावर चित्रपट निघत नाहींत.

बाकावरचा गडी संघाला काय देऊं शकतो ह्याचें सर्वांत लखलखीत प्रत्यंतर २०१४ सालीं ओहायो स्टेट विद्यापीठांत आलें. चेंडू फेंकणारा, साऱ्या चालीचा सूत्रधार जो क्वार्टरबॅक, तो त्यांचा ऑगस्टमध्येंच जायबंदी झाला. दुसऱ्यानें हंगाम उत्तम चालविला, तर नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनविरुद्ध त्याचाही घोटा मोडला. उरला तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स. कॉलेजांत त्यानें तोंवर एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. त्यानें विस्कॉन्सिनला ५९–०, अलाबामाला ४२–३५, आणि १२ जानेवारी २०१५ रोजीं ऑरेगनला ४२–२० असें हरवून राष्ट्राचें अजिंक्यपद मिळवून दिलें. कोचची दूरदृष्टि सर्वांनीं वाखाणली. परंतु असा गडी तिसऱ्या जागीं स्वस्थ बसला ह्यांत निष्ठेइतकाच त्या एका वर्षाच्या दंडाचाही हात होता, हें विसरतां येत नाहीं. त्याच विद्यापीठांत जो बरो हा तीन वर्षें बहुतेक बाकावर होता. पदवी घेतलेल्यास त्या दंडांतून सूट असल्यामुळें तो २०१८ सालीं लुइझियाना स्टेटला गेला, आणि २०१९ सालीं पंधरापैकीं पंधरा सामने जिंकून देशांतला सर्वोत्कृष्ट गडी ठरला.

मग कुंपण पडलें. १५ ऑक्टोबर २०१८ पासून ‘ट्रान्सफर पोर्टल’ नांवाची नोंदणी सुरू झाली. तींत नांव घातलें कीं कोणत्याही कॉलेजाला त्या गड्याशीं बोलतां येतें, जुन्या कोचची परवानगी लागत नाहीं. एप्रिल २०२१ मध्यें एकदां कॉलेज बदलणाऱ्याचा वर्षाचा दंड गेला. १ जुलै २०२१ पासून गड्यांना आपलें नांव व छायाचित्र जाहिरातीस देऊन पैसा मिळवितां येऊं लागला. एप्रिल २०२४ मध्यें, न्यायालयाच्या आदेशानंतर, अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळां कॉलेज बदलण्याची मोकळीक झाली. शंभर वर्षांचा हिशेब सहा वर्षांत उलटला.

त्याचे परिणाम कसे झाले? २०२३ सालीं फ्लोरिडा स्टेटचा संघ अपराजित असतां त्यांचा पहिला क्वार्टरबॅक पाय मोडून पडला, दुसरा डोक्याच्या दुखापतीमुळें बाहेर बसला, आणि विभागाचा अंतिम सामना तिसऱ्या, पहिल्या वर्षाच्या मुलानें १६–६ असा जिंकून दिला. जणूं ओहायोचीच कथा पुन्हां घडत होती. पण निवडसमितीनें तेरापैकीं तेरा सामने जिंकलेल्या ह्या संघाला चौघांच्या अंतिम स्पर्धेंत घेतलेंच नाहीं. निराश झालेल्या संघाची पांगापांग झाली. दुसऱ्या क्वार्टरबॅकनें नोंदणींत नांव घातलें, इतर अनेक गडी ह्या ना त्या कारणानें खेळले नाहींत, आणि ३० डिसेंबर रोजीं जॉर्जियानें त्यांचा ६३–३ असा फडशा पाडला. उलट, २०२३ सालीं बारापैकीं नऊ सामने हरलेल्या इंडियाना विद्यापीठानें नवा कोच आणला. त्याच्या मागोमाग त्याच्या जुन्या कॉलेजांतून दहाहून अधिक गडी आले, आणि २०२४ सालीं इंडियाना अकरा सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेंत गेली. गरिबाला एका वर्षांत श्रीमंत होण्याची अशी संधि जुन्या व्यवस्थेंत नव्हती.

आणि मार्शल? ७ डिसेंबर २०२४ रोजीं त्यांनीं आपल्या विभागाचें अजिंक्यपद जिंकलें. दुसऱ्याच दिवशीं त्यांचा कोच दुसऱ्या विद्यापीठाकडे गेल्याचें जाहीर झालें. दोन डझनांहून अधिक गड्यांनीं नोंदणींत नांवें घातलीं. आणि वेस्ट पॉइंटच्या संघाशीं ठरलेला इंडिपेंडन्स बोल सामना खेळण्यास पुरेशीं माणसें नाहींत म्हणून विद्यापीठानें माघार घेतली. त्यांच्या जागीं लुइझियाना टेक उतरलें. १९७१ सालीं ह्याच विद्यापीठानें अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचा संघ उभा केला होता.

अखेरचा अंक न्यायालयांत झाला. खेळाडूंनीं राष्ट्रीय संस्थेवर केलेल्या दाव्याची तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्केन ह्यांच्यापुढें आली. तींत ठरलें कीं कॉलेजांनीं खेळाडूंना प्रत्यक्ष पैसा द्यावा, पहिल्या वर्षीं एका विद्यापीठास सर्व खेळ मिळून सुमारें दोन कोटि पांच लक्ष डॉलरपर्यंत. आणि ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन तिच्या जागीं संघांतील एकूण माणसांचीच मर्यादा यावी, फुटबॉलला १०५. म्हणजे शिष्यवृत्ति सर्वांस देतां येईल, पण एकशें सहावा मनुष्य, मग तो पदरचें खाऊन का होईना, संघांत राहूं शकणार नाहीं. मान्यता मिळण्यापूर्वींच अनेक विद्यापीठांनीं वॉक-ऑन मुलांना निरोप देण्यास आरंभ केला. त्या मुलांचीं व त्यांच्या आईबापांचीं गाऱ्हाणीं न्यायाधीशांपर्यंत पोंचलीं. एप्रिल २०२५ मध्यें त्यांनीं, ह्या मुलांची सोय केल्याशिवाय तडजोडीला मान्यता देणार नाहीं, असें दोन्ही पक्षांस बजावलें. कोट्यवधि डॉलरांचा व्यवहार बाकावरच्या, बहुधा बिनपगारी, गड्यांसाठीं अडून राहिला. मग नव्या नियमापायीं जागा गमावलेल्यांच्या याद्या करण्याचें ठरलें, आणि ६ जून २०२५ रोजीं मान्यता मिळाली. त्या मुलांना परत घेण्याचें बंधन कोणत्याही विद्यापीठावर घातलेलें नाहीं. मात्र यादींतील मुलगा आपल्या जुन्या कॉलेजांत परतो कीं नव्या कॉलेजांत जावो, त्याचीं खेळण्याचीं वर्षें संपेपर्यंत तो १०५ च्या मोजणींत धरला जात नाहीं.